प्रतिजैविक (अँटिबायोटिक) लिहिताना वॉर्डात काय पाहावे

रावेर-यावलकडून जळगावच्या रुग्णालयात तापाचा रुग्ण येतो तो अनेकदा गावातच दोन-तीन इंजेक्शने घेऊन. म्हणून आधी नातेवाइकांच्या पिशवीतली गोळ्यांची रिकामी पाकिटे मागून पाहावीत, चिठ्ठीपेक्षा ती अधिक खरे सांगतात. पहिल्या डोसपूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तात कोणते जंतू वाढतात ते पाहणारी तपासणी) घ्यावे, प्रौढाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर. मात्र सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो तेव्हा) कल्चरपायी औषध रोखू नये. केसपेपरवर संशयित निदान आणि फेरविचाराची तारीख लिहावी. प्रतिरोध (औषधाला दाद न देणे) रुग्णात नव्हे, जंतूंत निर्माण होतो आणि शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचतो, म्हणून 48 ते 72 तासांनी कल्चरचा अहवाल पाहून मेरोपेनेमसारख्या अनेक जंतूंवर चालणाऱ्या प्रतिजैविकाऐवजी नेमके, मर्यादित परिणामाचे औषध चालत असल्यास तेच द्यावे. जिवाणूसंसर्ग नसल्याचे स्पष्ट झाल्यास प्रतिजैविक थांबवावे; ‘कोर्स पूर्ण’ करण्याचा हट्ट तेथे निरर्थक आहे.