पायथनच्या साध्या आरपीसी सर्व्हरला टीएलएस लावताना

पायथनमधला एक्सएमएल-आरपीसी सर्व्हर (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमला फंक्शन्स बोलवू देणारा) सगळं उघड्यावर पाठवतो, पासवर्डसकट. टीएलएस (डेटा कूटबद्ध करून पाठवायची पद्धत) लावायला फार काही नाही, एसएसएल कॉन्टेक्स्ट (टीएलएसच्या सेटिंग्ज ठेवणारा ऑब्जेक्ट) बनवायचा, त्यात सर्टिफिकेट आणि की लोड करायची आणि सर्व्हरचा सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) त्यात रॅप करून परत सर्व्हरलाच द्यायचा, झालं. फक्त जुन्या उदाहरणांतलं थेट एसएसएल मॉड्यूलवरचं रॅप सॉकेट फंक्शन कॉपी करू नका, ते पायथन ३.१२ मधून काढलंय, कॉन्टेक्स्टवरचंच वापरा.

खरी गंमत पुढे आहे. असा रॅप केला की हँडशेक (टीएलएसची सुरुवातीची देवाणघेवाण) अ‍ॅक्सेप्टच्या, म्हणजे नवी जोडणी स्वीकारणाऱ्या फंक्शनच्या, आतच होतो, म्हणजे कुणी नुसतं टेलनेटने पोर्टला जोडून गप्प बसलं तरी अख्खा सर्व्हर लटकतो, थ्रेडिंग मिक्सिन (प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडमध्ये चालवणारा क्लास) लावलेलं असलं तरी, कारण अ‍ॅक्सेप्ट मेन थ्रेडमध्येच चालतं ना! माझी यात एक दुपार गेली. उपाय: रॅप करताना कनेक्टवरच्या हँडशेकचा पर्याय (do_handshake_on_connect) फॉल्स करा, मग तो पहिल्या रीडला त्या त्या थ्रेडमध्ये होतो. हँडलरला टाइमआउटही द्या.

सर्टिफिकेट घरचंच (स्वतः बनवलेलं) असेल तर क्लायंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये ते लोड करा, व्हेरिफिकेशन बंद करून मोकळं होऊ नका राव.