वीजपुरवठा आणि महसुलाचं मॉडेल: या चुका टाळा

वीज कंपनीचा मासिक पुरवठा आणि मासिक महसूल यांचं रिग्रेशन (एका मालिकेवरून दुसरीचा अंदाज बांधणारं समीकरण) लावलं की आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारं ० ते १ मधलं माप) बहुधा ०.९ च्या पुढे जातो. तिथेच संशय घ्यावा. दोन्ही मालिका चढत्या, त्यात महसुलात दरवाढ मिसळलेली. अशा मालिकांचं नातं फसवं निघू शकतं, हे अर्थमितितज्ज्ञ ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवलं. डर्बिन-वॉटसन (मॉडेलच्या लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का, हे सांगणारा आकडा) आर-स्क्वेअरपेक्षा कमी आला, तर मॉडेल बाजूला ठेवा. आधी दरवाढ वेगळी काढा, मग मासिक फरकांवर काम करा किंवा को-इंटिग्रेशन (दोन मालिका दीर्घकाळ खरोखर एकत्र चालतात का) तपासा.

सर्वात जास्त घोळ तारखांचा. फीडरचं (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचं) रीडिंग महिनाअखेरीस होतं, ग्राहकांचं महिनाभर वेगवेगळ्या दिवशी. मार्चमध्ये वापरलेली वीज एप्रिलच्या बिलात येते, पैसे मेमध्ये. मार्चचा पुरवठा मार्चच्याच बिलांशी ताडला, तर मागणी चढताना तोटा (पुरवलेली आणि बिल झालेली वीज यांतला फरक) फुगतो आणि उतरताना कधी कधी चक्क उणे होतो! वीजचोरी शोधायला निघण्याआधी हे पाहा. बिलातली युनिटं रीडिंगच्या तारखांनुसार महिन्यांत वाटून घ्या. ते जमत नसेल तर बारा महिन्यांची सरकती बेरीज वापरा.

तोट्यांची बेरीज करू नका. १०० पैकी ८० युनिटांचं बिल झालं आणि बिलाच्या ९० टक्के वसुली झाली, तर एकूण तोटा ३० नव्हे, २८ टक्के. वसुली १०० टक्क्यांच्या वर दिसली, तर त्यात बहुधा जुनी थकबाकी असते. आकडा १०० वर छाटू नका, थकबाकीचा रकाना वेगळा करा. बंद मीटरची सरासरी बिलंही खूण करून ठेवा. नाहीतर नंतरची दुरुस्ती मॉडेलला वापरातली घट वाटते.

मॉडेलच्या चाचणीसाठी महिने यादृच्छिक निवडू नका. शेवटचे महिने राखून ठेवा.

खरी अवघड गोष्ट कार्यकारणाची. ‘जास्त तास वीज दिली की वसुली सुधारते’ हा निष्कर्ष सगळ्यांना आवडतो. पण जिथे वसुली चांगली, तिथेच भारनियमन कमी ठेवलं जात असेल, तर बाण उलटा आहे. फीडरनिहाय फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक फीडरचा न बदलणारा वेगळेपणा बाजूला काढणं) लावून निम्मंच काम होतं, कारण वसुली घसरली की पुढच्या महिन्यात तासही घटतात. म्हणून वसुलीशी संबंध नसलेले, ट्रान्सफॉर्मर जळण्यासारख्या अचानक बिघाडांमुळे गेलेले तास वेगळे काढून पाहता येतात, मात्र ओव्हरलोडमुळे जळालेले त्यातून वगळावे लागतात: तो ओव्हरलोड तारांवर आकडे टाकून केलेल्या वीजचोरीचाही असू शकतो.