गिटला बग कसा कळवावा, पॅच कसा पाठवावा: सांगलीतल्या रविवारच्या वर्गातून

रविवारी सकाळी माझ्या विश्रामबागेतल्या घरी इंजिनिअरिंगची चार-पाच मुलं येतात. लॅपटॉप उघडायचा, अडलंय ते विचारायचं आणि दुपारी जेवायला आपापल्या घरी जायचं, एवढाच तो वर्ग. मध्यंतरी त्यातली एक मुलगी आल्या आल्या म्हणाली, "सर, गिटमध्ये बग सापडला. माझ्या फाइलचं नाव मोडतंय." तिच्या वडिलांची मार्केट यार्डात अडत आहे. हळदीच्या सौद्यातले दर ती रोज एका फाइलीत उतरवते आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवते. फाइलचं नाव साधं, 'हळद'. पण 'गिट स्टेटस' दिलं की पडद्यावर हे यायचं:

"\३४०\२४४\२७१\३४०\२४४\२६३\३४०\२४४\२४६"

नाव मोडलेलं नव्हतं. ह, ळ, द ही तीन अक्षरं यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात. हे नऊ बाइट गिटने अष्टमान आकड्यांत छापले होते, कारण 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग मुळात चालूच असतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' असं दिलं आणि पडद्यावर 'हळद' आली.

म्हणजे बग, सॉफ्टवेअरमधला दोष, नव्हता. तरी तिचं बघणं मला फार मोलाचं वाटलं. देवनागरी नावं, जोडाक्षरं, मराठी कीबोर्ड हे सगळं आपण रोज वापरतो. तिथे गिट कुठे अडखळलं तर ते आधी आपल्याच लक्षात येणार, आणि आपण गप्प बसलो तर ते तसंच राहणार. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हमानो त्याचे मेंटेनर, म्हणजे कोणता बदल आत घ्यायचा ते ठरवणारे, आहेत. सगळा कोड जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली खुला आहे, आणि तुम्ही कुठल्या गावातून, कुठल्या कंपनीतून लिहिता हे तिथे कुणी विचारत नाही. तुमचं लिखाण वाचलं जातं. म्हणून ते लिखाण कसं करायचं, तेच इथे सांगतो.

आधी खात्री करा

'गिट हेल्प' आणि पुढे कमांडचं नाव द्या, पान शेवटपर्यंत वाचा. वरच्या हळदीसारखी निम्मी कोडी तिथेच सुटतात. मग 'गिट व्हर्जन' बघा. लिनक्सच्या वितरणातून आलेलं गिट बऱ्याचदा जुनं असतं आणि तुमचा बग कधीच दुरुस्त झालेला असू शकतो. तिसरी गोष्ट, दोष तुमच्या स्वतःच्या सेटिंगमुळे किंवा एखाद्या हुकमुळे (गिट आपोआप चालवतं त्या स्क्रिप्टमुळे) तर नाही ना? 'गिट_कॉन्फिग_ग्लोबल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकाम्या फाइलकडे वळवून तीच कमांड पुन्हा चालवा. दोष नाहीसा झाला तर तो तुमच्या घरातला आहे.

एवढं करूनही बग तसाच असेल तर पुढे जा. एकच अपवाद. बगमुळे दुसऱ्याच्या मशिनवर परक्याचा कोड चालू शकत असेल किंवा कुणाची गुपितं उघडी पडत असतील, तर तो चारचौघांत लिहू नका. सुरक्षेच्या दोषांसाठी गिटचा स्वतंत्र बंदिस्त पत्ता आहे, तिथेच कळवा.

बग दुसऱ्याला दिसला पाहिजे

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला सांगतो. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिराकडे तंबोरा घेऊन जाणारा गवई "आवाज बरोबर लागत नाही" एवढंच सांगून बसत नाही. कोणती तार, कोणत्या पट्टीत, सूत कुठे असताना, हे सगळं तो सांगतो. कारागीर तीच तार त्याच पट्टीत स्वतः छेडतो, कान देऊन ऐकतो आणि मगच घोडीला कानस लावून जवारी काढतो. तुमचा बग वाचणाऱ्यालाही ती तार स्वतः छेडता आली पाहिजे. तुमचा लॅपटॉप त्याच्यासमोर नाही, तुमचा प्रोजेक्ट त्याने बघितलेला नाही. त्याच्या हातात तुमची चार वाक्यं आहेत.

म्हणून रिकाम्या जागेपासून सुरुवात करा. एक तात्पुरता फोल्डर, त्यात 'गिट इनिट' (त्याने रेपो, म्हणजे गिटचं भांडार, तयार होतं), दोन ओळींची एक फाइल, एक कमिट (बदलाची नोंद), आणि मग ती बिघडणारी कमांड. बग दिसला का? नसेल दिसला तर मूळ प्रोजेक्टमधली एकेक गोष्ट इथे आणत जा: दुसरी ब्रांच (कामाची वेगळी फांदी), मर्ज, सबमॉड्यूल, फाइलचं देवनागरी नाव. ज्या गोष्टीने बग उगवला तिथे थांबा. आता उलटं करा. एकेक ओळ काढून बघा. काढल्यावरही बग राहिला तर ती ओळ नकोच होती. शेवटी आठ-दहा ओळींची एक शेल स्क्रिप्ट उरते. कुणीही ती चालवावी आणि तुमच्याइतकाच चकित व्हावा. या कामात कधी अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या. या छाटणीतच कित्येकदा बगचं मूळ तुमचं तुम्हालाच कळतं.

पूर्वी चालायचं आणि आता चालत नाही, असा बग असेल तर 'गिट बायसेक्ट' वापरा. गिटचा स्वतःचा कोड क्लोन करा (त्याची प्रत घ्या), चांगली जुनी आवृत्ती आणि वाईट नवी आवृत्ती सांगा. ते मधोमध उडी मारत जातं. मधे १,००० कमिट असले तरी साधारण १० चाचण्यांत दोषी कमिट हाती लागतो. तुमची स्क्रिप्ट तयार असेल तर 'गिट बायसेक्ट रन' ती आपोआप चालवतं. असा कमिट शोधून दिलेला रिपोर्ट वाचणाऱ्याचं निम्मं काम वाचवतो.

रिपोर्ट लिहिताना

जून २०२० मध्ये आलेल्या २.२७ पासून गिटमध्ये 'गिट बगरिपोर्ट' ही कमांड आहे. ती एक मजकुराची फाइल उघडते आणि प्रश्न विचारते: बग येण्याआधी तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, या दोहोंत फरक काय, आणखी काही सांगायचंय का. खाली ती स्वतःच गिटची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, शेल, चालू हुक अशी माहिती भरते. पाठवण्याआधी ती माहिती वाचून घ्या आणि जी ओळ द्यायची नसेल ती पुसून टाका.

मुलं पहिल्यांदा काय लिहितात आणि काय लिहायला हवं, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवतो. असा बग गिटमध्ये खरोखर आहे असं समजू नका. पहिला मसुदा असा येतो: "गिट एमव्ही चालत नाही, फाइल गायब झाली, प्लीज हेल्प." यावर कुणी काय करणार? दुसरा मसुदा असा: "रिकाम्या रेपोत 'हळद' नावाची फाइल कमिट केली. 'गिट एमव्ही' वापरून तिचं नाव 'हळद-दर' केलं. 'गिट स्टेटस'मध्ये नाव बदललेलं दिसायला हवं होतं. तिथे फाइल पुसलेली दिसते, नवी दिसत नाही. सोबत सात ओळींची स्क्रिप्ट." दुसऱ्यात 'प्लीज' नाही आणि भावनाही नाही, तरी वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते लगेच कळतं.

पडद्यावरचा मजकूर कॉपी करून द्या, स्क्रीनशॉट नको. चित्रातलं अक्षर शोधता येत नाही की टर्मिनलमध्ये डकवता येत नाही. रिपोर्ट इंग्रजीत जातो, आणि इथे आपली मुलं कचरतात. छोटी वाक्यं लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगा, बस. व्याकरण चुकलं म्हणून रिपोर्ट परत येत नाही. पायऱ्या चुकल्या तर नक्की येतो.

आता पॅच

पॅच म्हणजे कोडमध्ये तुम्ही सुचवलेला बदल. पहिला पॅच लहान असावा. मॅन्युअलमधलं एखादं वाक्य दुहेरी अर्थाचं असतं, एखाद्या एरर मेसेजमुळे नेमकं काय चुकलं ते कळत नाही. तिथून सुरू करा. कामाची लांबी-रुंदी नंतर वाढवता येते, आधी वाट पायाखालची व्हायला हवी. गिटच्या कोडमध्येच 'डॉक्युमेंटेशन' फोल्डरात नवख्यांसाठी 'माय फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन' नावाचा धडा आहे, शेजारीच 'सबमिटिंग पॅचेस' आणि 'कोडिंग गाइडलाइन्स' आहेत. तिन्ही वाचा. मी सांगतोय त्यापेक्षा तिथे किती तरी जास्त आहे.

कोड बहुतांशी सी भाषेत आहे. कंपाइलर, झेडलिब, कर्ल, एक्सपॅट, गेटटेक्स्ट एवढं बसवलं की 'मेक डेव्हलपर=१' द्या. त्याने कंपाइलर जास्त काटेकोर होतो आणि तुमच्या चुका रिव्ह्यूला जाण्याआधी पकडतो. तयार झालेलं गिट इन्स्टॉल करायची गरज नाही, 'बिन-रॅपर्स' फोल्डरातून तसंच चालतं. म्हणजे रोजच्या कामाचं गिट जागच्या जागी सुरक्षित राहतं.

नवी ब्रांच काढा. 'टी' नावाच्या फोल्डरात शेकडो टेस्ट स्क्रिप्ट आहेत. तुमच्या विषयाची शोधा आणि कोड बदलण्याआधी तिच्यात तुमची टेस्ट लिहा. मघाशी छाटून ठेवलेली स्क्रिप्ट इथे जवळजवळ जशीच्या तशी बसते. टेस्ट आधी नापास झाली पाहिजे, दुरुस्तीनंतर पास झाली पाहिजे. ओळीच्या सुरुवातीला टॅब ठेवा, स्पेस नको; गिटच्या सी कोडची तीच रीत आहे. आणि दिसली म्हणून शेजारची जुनी ओळ सरळ करू नका. एका पॅचमध्ये एकच काम.

कमिट मेसेजवर कोडइतकंच लक्ष द्या. पहिल्या ओळीत आधी विभागाचं नाव, कोलन, आणि मग काय केलं ते आज्ञार्थी क्रियापदात. साधारण ५० अक्षरांच्या आत. खाली परिच्छेदात आज काय घडतं, ते का चुकीचं आहे, आणि हीच दुरुस्ती का निवडली ते सांगा. 'काय बदललं' हे कोडमध्ये दिसतंच. 'का बदललं' हे पाच वर्षांनी तुमचा कमिट उघडणाऱ्याला फक्त या मेसेजमधून कळणार आहे. मेसेज बघण्याचा माझा एक नेम आहे: मुलाला कोड मिटायला लावतो, नुसता मेसेज मोठ्याने वाचायला सांगतो आणि शेजारी बसलेल्याला विचारतो, बग काय होता? त्याला सांगता आलं नाही तर मेसेज पुन्हा लिहायचा.

कमिट करताना '-एस' द्या. त्याने खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि तुमचं नाव येतं. ही सही आहे. हा कोड माझा आहे किंवा तो द्यायचा मला अधिकार आहे, असं तुम्ही तिथे लिहून देता. आपल्याला न कळलेल्या, कुठून तरी उचललेल्या ओळींखाली ही सही करू नका.

पाठवायचं कसं

गिटचं काम ईमेलवर, सगळ्यांना वाचता येणाऱ्या मेलिंग लिस्टवर चालतं; बगचे रिपोर्ट आणि पॅच दोन्ही तिथेच जातात. 'गिट फॉरमॅट-पॅच' कमिटची मेल बनवतं, 'गिट सेंड-ईमेल' ती पाठवतं. आधी ती मेल स्वतःलाच पाठवा आणि आलेल्या मेलमधला पॅच दुसऱ्या ब्रांचवर 'गिट एएम'ने लावून बघा. माझा पहिला पॅच मी ब्राउझरमधल्या मेलच्या खिडकीत डकवून पाठवला होता. वाटेत टॅबच्या स्पेस झाल्या, लांब ओळी मधेच तुटल्या, आणि पॅच कुणालाच लावता आला नाही. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने शांतपणे लिहिलं की, पॅच मोडून आलाय, 'गिट सेंड-ईमेल'ने पुन्हा पाठवा. तेव्हापासून स्वतःला मेल केल्याशिवाय मी काहीही बाहेर जाऊ देत नाही.

मेल साध्या मजकुरात हवी, एचटीएमएल चालत नाही. हे सगळं बसवणं जमत नसेल तर 'गिटगिटगॅजेट' आहे. गिटहब या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) उघडा, ते तिच्या मेल बनवून पाठवतं.

उत्तरं येतील तेव्हा

उत्तरात तुमच्या पॅचमधली एकेक ओळ उचलून तिच्याखाली शेरा लिहिलेला असतो. तुम्हीही तसंच, त्या त्या शेऱ्याखाली उत्तर द्या. पटलं तर पटलं म्हणा, नाही पटलं तर कारण द्या. भाषा कोरडी वाटते, नमस्कार-चमत्कार कमी असतात. त्यात राग शोधू नका. तुमच्या दहा ओळींसाठी कुणीतरी आपला वेळ काढून बसलंय.

पहिल्या शेऱ्यावर घाईने नवी आवृत्ती धाडू नका, दोन-चार दिवस बाकीच्यांनाही बोलू द्या. मग '-व्ही२' देऊन दुसरी आवृत्ती काढा. मेलमध्ये तीन आडव्या रेघांच्या खाली, आधीपेक्षा काय बदललं ते लिहा. तो मजकूर वाचणाऱ्यासाठी असतो, कमिटमध्ये जात नाही. काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने त्याच मेलला जोडून नम्रपणे आठवण करा. न आलेलं उत्तर म्हणजे नकार नव्हे. मेलच्या ढिगात तुमची मेल खाली गेलेली असते.

पॅच पसंत पडला की मेंटेनर तो आधी 'सीन' या ब्रांचमध्ये घेतात, मग 'नेक्स्ट'मध्ये, आणि तिथे काही दिवस टिकला की 'मास्टर'मध्ये. म्हणून 'सीन'मध्ये नाव दिसलं की काम झालं असं धरू नका. तिथून पॅच परतही येतो.

हळदवाल्या मुलीने आता मॅन्युअलमधल्या एका वाक्याचा पॅच पाठवलाय. पहिल्या आवृत्तीला दोन उत्तरं आली. एकाने मेसेजची पहिली ओळ लांब आहे म्हटलं, दुसऱ्याने त्याहून सोपं वाक्य सुचवलं. तिने ते घेतलं आणि गुरुवारी रात्री दुसरी आवृत्ती गेली. येत्या रविवारी आम्ही 'गिट फेच' करून 'गिट लॉग ओरिजिन/सीन' देणार आहोत, पुढे '--ऑथर' आणि तिचं नाव.