रक्ती हगवण: औषध पिल्लाला, रोग गादीत

झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. नेमकी तेव्हाच तीन-चार आठवड्यांची ब्रॉयलर पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात, तुसावर रक्ताची विष्ठा दिसते. आणि आपण दुकानातून आणतो जंताचं औषध!

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, जंतांमुळे होत नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्यावर पायपरझिनसारखं जंताचं औषध काय करणार? अ‍ॅम्प्रोलियम लागतं, तेही पाण्यातून, कारण आजारी पिल्लू दाणा सोडतं पण पाणी पितं. मात्रा पशुवैद्यकालाच विचारा. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं. ताकदीसाठी म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतलं, की औषधाची धार गेली.

पण खरं दुखणं गादीत, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसात असतं. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. पिल्लू ती टिपतं, आणि आठवडाभरात त्याच्या विष्ठेतून हजारो नवी अंडी बाहेर. एका पावसाळ्यात मीही औषधावर औषध देत बसलो होतो. गळत होता एक ड्रिंकर, म्हणजे पिल्लांचं पाण्याचं भांडं, आणि त्याच्याभोवती हातभर तूस चिखल झालं होतं. आता रोज मूठभर तूस दाबून बघतो. गोळा तसाच राहिला तर गादी ओली, भुरभुरला तर ठीक. ओलं तूस खरवडून शेडपासून लांब टाकायचं, कोरडं भरायचं. ड्रिंकरचा काठ पिल्लाच्या पाठीएवढा उंच ठेवायचा.

फिनाईल शिंपडून निर्धास्त होऊ नका. या अंड्यांचं कवच त्याला दाद देत नाही. पिल्लांचा लॉट विकून गेल्यावर सगळं तूस काढा, जमीन वाळू द्या, ज्वाळा सोडणारी फ्लेमगन फिरवा.

खाद्य महाग म्हणून स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांच्या तयार खाद्यात, घरचा मका निम्मा मिसळणारे बरेच आहेत. त्या स्टार्टरमध्ये बहुधा हाच परजीवी रोखणारं औषध असतं. तेही निम्मं होतं, हे लक्षात येत नाही.

आणि रक्त दिसलं नाही म्हणून रोग नाही, असंही नाही. आयमेरियाच्या काही जातींत नुसती पातळ विष्ठा होते, वजन अडतं, खाद्य वाया जातं. शंका आली तर ताजं मेलेलं पिल्लू डॉक्टरांकडून उघडून घ्या. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात. त्या फुगून रक्ताने भरलेल्या दिसल्या, तर औषध सुरू करतानाच ड्रिंकरखाली हात घालून बघा.