मटकीचं वजन, रात्रीचा पिंपळ आणि इतर घोटाळे: सहावी ते आठवीच्या मुलांनी (आणि पालकांनी) या चुका टाळा

‘मोड आल्यावर मटकीचं वजन दुप्पट झालं, म्हणजे बीने स्वतःचं अन्न तयार केलं.’ पुण्यातल्या शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या चार्टवर असतंच, तेही सुरेख अक्षरात. कोथरूडच्या एका शाळेत मी परीक्षक होते. तिथे याच चार्टमागे उभ्या असलेल्या बाबांनी मला विचारलं, “मॅडम, वजनकाटा खोटं बोलतो का?”

काट्याचा काहीच दोष नव्हता. त्याच्यावर निम्मं पाणी बसलं होतं. भिजवलेली मटकी पाणी पिते म्हणून जड होते. मोड यायला लागतात तेव्हा तिला पानं नसतात, डब्यात उजेड नसतो, मग अन्न तयार करणार कुठून? उलट बीमध्ये साठवलेलं पीठ वापरूनच तिची वाढ चालू असते. त्यातला काही कार्बन श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणून वाळवून तोलली तर मोडाची मटकी कोरड्या मटकीपेक्षा हलकीच भरते.

“वाळवून बघा,” असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी घरी जाऊन मोड मायक्रोवेव्हमध्ये टाकले. अर्धे कोळसा झाले, वजन धाडकन उतरलं आणि “बघा, घटलं!” म्हणून फोटो आला. उत्तर बरोबर, प्रयोग केराच्या टोपलीत. घाई बहुधा मुलाला नसतेच, दुसऱ्या दिवशी चार्ट द्यायचाय म्हणून ती पालकांना असते.

मी हा प्रयोग असा करून घेते. पन्नास-पन्नास ग्रॅमचे दोन ढीग. एकाला मोड आणायचे, दुसरा तसाच. भिजवताना पाणी बेताचं, मटकी पिऊन टाकेल तेवढंच, कारण ओतून दिलेल्या पाण्याबरोबर विरघळलेली साखर जाते. सुटलेली सालं फेकायची नाहीत, तीही तोलायची. मग दोन्ही ढीग ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचे. न भिजवलेलाही, कारण दुकानातल्या ‘कोरड्या’ मटकीतही साधारण दहा टक्के पाणी असतंच. लागोपाठ दोन वेळा वजन सारखं आलं की थांबायचं. फरक थोडेच ग्रॅम निघतो, पण तो खरा असतो.

प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी दोन रकाने आखायला लावते: ‘द्रव्य कुठून आलं, कुठे गेलं’ आणि ‘ऊर्जा कुठून आली, कुठे गेली’. मुलं कुरकुरतात, पण बहुतेक चुका या दोन रकान्यांची सरमिसळ झाल्यानेच होतात. पर्वती रोज चढून वजन उतरवलेल्या आजोबांना विचारा, चरबी कुठे गेली? ‘घामातून’ किंवा ‘तिची ऊर्जा झाली’ असं ते सांगतील. दहा किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर तिच्यातले साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. चरबीतली ऊर्जा पाय हलवण्यात आणि उष्णतेत खर्च झाली. पण द्रव्याची ऊर्जा झाली नाही.

‘झाड मातीतून अन्न घेतं’ ही चूक जुनी आहे. व्हॅन हेल्माँट या जुन्या युरोपीय शास्त्रज्ञाने कुंडीतल्या विलोच्या झाडाला पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७५ किलोंनी वाढलं, माती जेमतेम ५७ ग्रॅमने घटली. हा प्रयोग छापून आला १६४८ साली. सगळी वाढ पाण्याची, असं त्याला वाटलं. हवेचा वाटा त्याच्या लक्षात आला नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पण विद्यापीठाच्या आवारातल्या वडांच्या खोडांतला कार्बन तिथूनच आलाय. युरिया म्हणजे झाडाचं जेवण नव्हे. त्यातून नायट्रोजन मिळतो, तेवढंच.

‘दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन.’ चूक. श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात असल्याने ते झाकलं जातं. आणि रात्री पिंपळाखाली झोपलात तर गुदमरणार नाही. खोलीत शेजारी झोपलेला भाऊ त्याहून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

अन्नसाखळीतला बाण खाणाऱ्याकडे जातो. गवताकडून नाकतोड्याकडे. दरवर्षी उलटा काढतात.

‘ऊर्जेचं चक्र’ असं शीर्षक दिसलं की मी लाल पेन काढते. कार्बन आणि नायट्रोजन फिरतात. ऊर्जा सूर्याकडून येते आणि शेवटी उष्णता होऊन निघून जाते, विघटकही ती परत आणून देत नाहीत.

राहिली चुन्याची निवळी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिसळला की दुधाळ होणारं चुन्याचं पाणी. मोडाच्या बरणीत ती दुधाळ झाली की मुलं टाळ्या वाजवतात, पण बाटली आदल्या रात्री उघडी राहिली असेल तर खोलीतल्या हवेनेच तिच्यावर पांढरी साय धरलेली असते. पानपट्टीवरचा चुना चालतो. पाण्यात ढवळून रात्रभर निवळू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि बूच लगेच घट्ट लावायचं. शेजारी मोड नसलेली दुसरी बरणी हवीच. ती नसेल तर मी मार्क देत नाही.