रिव्हर्बचे ॲप विकत घेताय? आधी शेपटी ऐका, या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की फोनवर आरत्या मुद्रित करायच्या आणि त्यांवर देवळाचा घुमारा चढवायचा, ही हौस गोव्यात घरोघरी दिसते. मग ॲप शोधले जाते, दुकानाच्या पानावरचा डेमो ऐकला जातो आणि पैसे जातात. डेमोत बहुधा संथ पियानो किंवा लांब आलाप असतो. त्यावर कुठलाही रिव्हर्ब, म्हणजे ॲपने चढवलेला घुमारा, गोडच लागतो! खरा कस लागतो तो मूळ आवाज थांबल्यानंतर उरणाऱ्या शेपटीत.

घरातली सगळ्यात मुकी खोली निवडा. गाद्या, कपड्यांचे कपाट असलेली. फोन हातभर अंतरावर ठेवून एक टाळी, कासाळ्याचा (मोठ्या झांजांचा) एक ठोका, घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर एक थाप आणि आरतीच्या चार ओळी मुद्रित करा. प्रत्येकानंतर पाच सेकंद शांत बसा. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा. आता ॲपमध्ये मूळ आवाज पूर्ण बंद, रिव्हर्ब १०० टक्के, शेपटीचा कालावधी ३ सेकंद.

टाळी सगळे सांगते. हलक्या ॲपमध्ये प्रतिध्वनी विरळ असतात, म्हणून 'टर्र' असा आवाज येतो किंवा लोखंडी नळीत टाळी वाजवल्यासारखी किणकिण ऐकू येते. चांगल्यात शेपटी लगेच दाट होते आणि एकसारखी विरते. कासाळ्यावर तार पट्टी तपासा: खऱ्या दालनात वरचे सूर आधी मरतात, कारण हवा आणि मऊ पृष्ठभाग ते शोषून घेतात. शेवटपर्यंत वाळू चाळल्यासारखी सळसळ राहिली, तर ते ॲप सोडा. घुमटावर उलटा प्रश्न, खर्जाचा चिखल होतो का? रिव्हर्बमधला सुमारे २०० हर्ट्‌झखालचा आवाज वेगळा छाटता येत नसेल, तर त्या ॲपला पैसे देऊ नयेत. हे सगळे तारेच्या हेडफोनवरच ऐका. फोनच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, त्यामुळे चिखल लपतो.

ब्लूटूथ कानात घालून गाता गाता चाचणी घेणे ही फार महाग पडणारी चूक. बिनतारी इयरफोनमध्ये सहज १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो आणि दोष मात्र ॲपवर येतो. ॲप आवाज छोट्या तुकड्यांत हाताळते, त्याला बफर म्हणतात; २५६ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्‌झला जेमतेम ५.३ मिलिसेकंद घेतो. जाता-येता मिळून तो वाढतो, तरी गाता येईल इतका राहतो.

'कॅथेड्रल' हे नाव बघून भुलू नका. जुन्या गोव्यातल्या चर्चच्या उंच कमानींखाली संथ गायन खुलते. मिनिटाला १२० मात्रांच्या आरतीवर ३ सेकंदांची शेपटी म्हणजे सहा मात्रा एकमेकींवर चढल्या. द्रुत आरतीला १ ते १.४ सेकंद पुरे. शब्द गिळले जात असतील तर कालावधीआधी प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांतले अंतर, बघा. २० मिलिसेकंद म्हणजे आवाजाला सुमारे सात मीटर जायला लागणारा वेळ. तेवढ्यात अक्षर सुटून बाहेर येते. ही कळच नसलेली ॲप्सही आहेत, आणि शंभर प्रीसेट त्याची भरपाई करत नाहीत.

पैसे देण्यासारखी एक सोय मात्र आहे: कन्व्होल्यूशन, म्हणजे खऱ्या जागेच्या मुद्रित घुमाऱ्यावरून रिव्हर्ब घडवणे, तीही स्वतःची फाइल घालता येणारी. गावच्या देवळाच्या सभामंडपात, समितीची परवानगी घेऊन, फुगा फोडायचा आणि तो आवाज मुद्रित करायचा. मग तोच मंडप आपल्या आरतीवर बसवता येतो. (पंखे बंद करा. पावसात हा उद्योग नको, पत्र्याचा आवाजही मंडपाबरोबर येतो.)

आयफोनवाल्यांनी आधी मोफत गॅरेजबँडमधल्या रिव्हर्बशी तुलना करावी; विकतचे ॲप एयूव्ही३ (दुसऱ्या संगीत ॲपच्या आत चालणारा ॲपलचा प्रकार) असेल तर ते त्यातच उघडते. अँड्रॉइडवर एयूव्ही३ नाही. तिथे डब्ल्यूएव्ही आत घेता आणि बाहेर काढता येते का, हे पैसे देण्याआधी बघायलाच हवे.

फाइल बाहेर काढल्यावर दोन गोष्टी बिघडतात. शेवटची थाप संपताच शेपटी तुटते, कारण ॲप मूळ फाइलच्या लांबीवर थांबते. शेवटी पाच सेकंद शांतता जोडली की काम होते. दुसरे, ४४.१ किलोहर्ट्‌झची फाइल ॲपने ४८ ची समजून वाजवली तर गती वाढते आणि पट्टी सुमारे दीड अर्धस्वर चढते. काळी एकची आरती पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लटकते, पेटी लावून बसलात तर लगेच कळेल.

आधीच घुमणाऱ्या हॉलमध्ये केलेले मुद्रण कुठल्याही रिव्हर्बने सुधारत नाही.

हे सगळे तपासायला एक संध्याकाळ पुरते आणि ती खरेदीच्याच दिवशी काढा. गूगल प्लेवर पैसे परत मागायला सहसा ४८ तास मिळतात. ॲपलकडे कारण देऊन विनंती करावी लागते, ती मान्य होईलच असे नाही. वर्गणीचे ॲप असेल तर मोफत चाचणीची मुदत संपायच्या किमान २४ तास आधी ते रद्द करा. नुसते ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.