फोटो छान आहे, पण हा आमचा शेरू नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या त्या काकूंनी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाल्या, "फोटो छान आहे गं. पण हा आमचा शेरू नाही."

कुत्र्याच्या पोर्ट्रेटचे पैसे घेऊन केलेलं माझं ते पहिलं काम. अडीच हजार ठरले होते. डोळे एकदम शार्प, मागची भिंत छान धूसर, दोन्ही कान ताठ, मान किंचित तिरकी. मी तर खुशीत होते. काकू म्हणाल्या, "ह्याचा डावा कान कधी उभा राहतच नाही."

खरंच राहत नव्हता. मी तोंडाने नाही नाही ते आवाज काढून तो उभा करायला लावला होता.

त्याआधी पाच वर्षं मी ठाणे-डोंबिवलीच्या हॉलांमध्ये लग्नांना सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला दुसरी, होते. रविवारी मोकळी असले की वसंत विहारच्या बाजूला रस्त्यावरची पिल्लं सांभाळणाऱ्या काही मुलींसाठी फुकट फोटो काढायचे, म्हणजे ती पिल्लं दत्तक जावीत. खरी शाळा तीच. पन्नासेक इंडी, म्हणजे आपली देशी, पिल्लं काढली की हात कसा तयार होतो ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. नवीन असाल तर इथूनच सुरुवात करा. ओळखीच्या पाळलेल्या कुत्र्यावर शिकायला जाल तर तो आधीच तुमच्यावर लाडाने चढलेला असतो, शिकणार काय?

लग्नं मात्र लगेच सोडू नका. मी आणखी तीन वर्षं दोन्ही केलं. कुत्र्यांच्या कामाचा हंगाम विचित्र असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या पुढे बाहेर शूट ठेवूच नये. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना उकाड्यात धाप लागते आणि फरशीने पंजे भाजतात. पावसाळ्यात घरातच. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांमुळे अर्धी कुत्री पलंगाखाली. राहतो तो डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकी तीच लग्नसराई. पहिल्या वर्षी माझी फार ओढाताण झाली.

सामानाचं थोडक्यात. घोडबंदर रोडच्या वन बीएचकेत ८५ एमएम लेन्स घेऊन गेलात तर पाठ कपाटाला टेकते आणि फ्रेममध्ये फक्त नाक येतं. ३५ आणि ५० पुरतात. एफ १.८ चा मोह आवरा, लेन्स एवढी उघडली की अगदी पातळ पट्टाच शार्प येतो. लॅब्राडोरचं थोबाड लांब, नाकावर फोकस बसला की डोळे गेले. मी एफ ४ च्या आसपास राहते. (पग असेल तर चैन, सगळं एकाच पातळीवर.) शांत बसलेल्या कुत्र्यालाही शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, कारण तो मान कधी फिरवेल याचा नेम नाही. धावणारा असेल तर १/१६०० आणि वर. प्राण्यांचा डोळा पकडणारा ऑटोफोकस २०१९ पासून काही कॅमेऱ्यांत आला आणि आमचं काम सोपं झालं, हे कबूल. पण डोळ्यांवर केस आलेला शिह त्झू समोर असला की तोही गडबडतो.

काळा कुत्रा ही वेगळी परीक्षा. फ्रेमभर काळा लॅब्राडोर असला की कॅमेरा त्याला राखाडी करू पाहतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली ओढायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि त्याला असं बसवायचं की डोळ्यात खिडकी चमकेल. तेवढ्या एका ठिपक्यावर चेहरा उभा राहतो. पांढऱ्या पॉमेरेनियनला सगळं उलट. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नका. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे पेटतात. शिवाय दचकतो तो वेगळाच.

आता आवाज. शेरूच्या वेळची माझी चूक नवीन पोरांपैकी जवळजवळ प्रत्येकजण करतो. पिपाणी वाजवली की कुत्रा कान टवकारतो, मान तिरकी करतो, फोटो मिळतो. पण तो चेहरा प्रत्येक कुत्र्याचा सारखाच! शिवाय तोच आवाज तीन-चारदा झाला की त्याला त्यात काही राहत नाही, तो जांभई देऊन झोपतो. म्हणून मी आवाज शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवते.

पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच. मी फरशीवर त्याच्याकडे बाजू करून बसते, त्याच्याकडे बघत नाही, घरच्यांशी बोलते. प्रश्न ठरलेला: "हा दिवसभर काय करतो?" मग माहिती येते. बेल वाजली की चप्पल तोंडात घेऊन दाराशी जातो. आजोबांच्या खुर्चीखाली एक पंजा बाहेर काढून झोपतो. पोळीचा वास आला की डावा ओठ दातात अडकतो. हे ऐकल्याशिवाय कॅमेरा काढला तर फोटो त्या जातीचा येतो, त्या कुत्र्याचा नाही.

"तो काही करत नाही हो," हे वाक्य तुम्हाला दर दुसऱ्या घरात ऐकू येईल. मालकाचं ऐका, पण बघा कुत्र्याकडे. सारखा ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, मान वळवून डोळ्याचं पांढरं दाखवतोय, म्हणजे पुरे झालं, मागे सरका. या धंद्यात उतरायच्या आधी डॉक्टरांना विचारून रेबीजची आगाऊ लस घ्या. मी घेतली ती एका ल्हासा जातीच्या कुत्र्याने अंगठा फोडल्यावर. खाऊ मालकालाच विचारून द्या, पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना ते वाचा. कुत्र्याला ते विषारी असतं.

जागांबद्दल सगळे विचारतात. उपवन तलावावर सकाळी उजेड फार सुंदर असतो, पण सहा-साडेसहालाच पोहोचा. नंतर चालणाऱ्यांची गर्दी होते आणि तिथल्या भटक्यांना पाहुणा खपत नाही. येऊरला जाऊया असं क्लायंट हमखास म्हणतो. तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं, पाळीव कुत्रं आत न्यायचं नाही, आणि बिबटे आहेत. सोसायटीचं लॉन असेल तर सेक्रेटरींना आदल्या दिवशी फोन करा, ऐन वेळी वॉचमनशी वाद घालण्यात सोनेरी उजेड जातो. जाहिरातीचं काम आलं तर आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या परवानगीचं विचारा. प्राण्यांकडून काम करून घेण्याच्या २००१ च्या नियमांनुसार ती लागते. एजन्सी "बघू नंतर" म्हणाली तर मी काम घेत नाही.

स्टुडिओचा नाद मी एकदा केला. नऊ फुटी कागदी बॅकड्रॉप अंथरला, पहिल्याच बीगलने त्यावर फेरी मारून पाय वर केला. आता विनाइलचा तुकडा आणि फडकं.

पैशांचं म्हणाल तर मी तासावर घेत नाही, भेटीवर घेते, आणि प्रिंट वेगळी. म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल तर तारीख पुढे ढकलत नाही, दुसरं काम हलवते. निवडीला मी वीस फोटो दाखवते, जास्त दाखवले की घरात भांडणं लागतात. माझ्या आवडीचा फोटो त्यात असतो आणि बहुतेक वेळा तो कोणी घेत नाही.

काकूंकडे मी पुढच्या रविवारी परत गेले, पैसे न घेता. शेरू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडला होता, डावा कान फरशीवर सांडल्यासारखा. मी पोटावर झोपून तीन फोटो काढले. दुसऱ्यात मागे काकूंच्या साडीचा काठ आणि गॅसची शेगडी आली होती, मी ती काढून टाकणार होते. काकू म्हणाल्या, "शेगडी राहू दे. तो तिच्याकडेच बघतोय."